कोर्टाबाहेरचा संताप आणि शिक्षेची सुनावणी

गंभीर गुन्हे आणि शिक्षा या विषयावर वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत. एक खुलासा आधी करतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कोणत्या गुन्ह्याला कोणती शिक्षा, हे गुन्हा घडला त्या तारखेवरून ठरते. त्यामुळे २०२३ मधल्या खुनाचा निकाल पुढच्या वर्षी लागला तरी शिक्षा जुन्या कलम ३०२ खालीच होईल. उत्तरांत नवी कलमे दिली आहेत: ६, ७२, १०३, १०५ आणि १०६ ही न्याय संहितेची, बाकीची नागरिक सुरक्षा संहितेची.

लाखोंचे मोर्चे निघतात, गावे बंद राहतात, सगळा समाज फाशी मागतो. शिक्षा ठरवताना न्यायाधीश याची दखल घेतात का? घ्यायला नको का? (एक वाचक, अहिल्यानगर)

मोर्चाचा परिणाम होतो, पण तो कोर्टाच्या अलीकडे. तपास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातो, विशेष सरकारी वकील नेमला जातो, खटला जलदगती न्यायालयात जातो. जुलै २०१६ च्या कोपर्डीच्या घटनेनंतर राज्यभर मूक मोर्चे निघाले. अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे सोळा महिन्यांत, तिघांना फाशी सुनावली. आपल्याकडच्या खटल्यांच्या मानाने हा वेग मोठा आहे आणि लोकांनी लावून धरल्याचा त्यात वाटा आहे.

शिक्षा किती, हा मुद्दा वेगळा. तिथे न्यायाधीशापुढे फक्त अभिलेखावरचा पुरावा आणि शिक्षेवर दोन्ही बाजूंनी केलेला युक्तिवाद असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात घालून दिलेला नियम आजही लागू आहे: खुनाला जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद, आणि तोही ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणात, जन्मठेपेचा पर्याय निःसंशय बंद झाला असेल तेव्हाच. फाशी द्यायची तर ‘विशेष कारणे’ निकालपत्रात लिहावी लागतात. नव्या संहितेत हे कलम ३९३ मध्ये आहे.

तुमच्या प्रश्नाला कायद्याच्या इतिहासात आधार मात्र आहे, हे मान्य केले पाहिजे. १९८३ च्या मच्छीसिंग निकालात ‘समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरली’ ही कसोटी आली. १९९४ मध्ये कोलकात्याच्या एका खटल्यात समाजाच्या न्यायाच्या हाकेला प्रतिसाद दिला पाहिजे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली; त्या आरोपीला ऑगस्ट २००४ मध्ये फाशी झाली. पुढे २००९ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या संतोषकुमार बरियार खटल्यात न्यायालयाने ही वाट अडवली. लोकमत ही गुन्ह्याशी किंवा गुन्हेगाराशी संबंधित परिस्थिती नाही, आणि बहुमताच्या दबावापुढे व्यक्तीचे हक्क राखणे हेच न्यायालयाचे काम आहे, असे त्यात मांडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शक्ती मिल खटल्यातल्या तिघांची फाशी रद्द केली ती याच विचाराने. त्या तिघांना उरलेले सर्व आयुष्य तुरुंगात, पॅरोल आणि फर्लो या तात्पुरत्या रजांशिवाय, अशी शिक्षा आहे.

आम्हाला हाच मार्ग बरोबर वाटतो, कारण संताप मोजायचा कसा? मुंबईतल्या गुन्ह्यावर पंधरा दिवस कॅमेरे रोखलेले असतात. तसाच गुन्हा पारध्यांच्या पालावर किंवा ऊसतोड मजुरांच्या खोपीत घडला तर जिल्हा पुरवणीत चार ओळी येतात. शिक्षा लोकमतावर ठेवली तर पालावरच्या किंवा खोपीतल्या मुलीच्या गुन्हेगाराला कमी शिक्षा होईल. हे कोणत्याही मोर्चेकऱ्याला मान्य होणार नाही.

आरोपी दोषी ठरल्यावर ‘शिक्षेवर सुनावणी’ म्हणून पुन्हा तारीख पडते. सगळे सिद्ध झाल्यावर ऐकायचे काय उरते? (सांगली)

सगळ्यात कमी समजली जाणारी पायरी ही आणि वरच्या कोर्टात फाशी सर्वांत जास्त वेळा निसटते ती इथेच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कलम २५८ प्रमाणे दोषसिद्धीनंतर आरोपीला शिक्षेच्या प्रश्नावर स्वतंत्रपणे ऐकावे लागते. इथे दोन याद्या समोरासमोर येतात. एका बाजूला गुन्ह्याची तीव्रता वाढवणारी परिस्थिती: पूर्वतयारी, क्रौर्य, बळी लहान किंवा असहाय असणे, विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा, आधीचे गुन्हे. दुसऱ्या बाजूला सौम्य करणारी: वय, मानसिक अवस्था, दुसऱ्याच्या दबावाखाली केलेले कृत्य, सुधारण्याची शक्यता. यातली शेवटची बाब सरकारी पक्षाला उलटी सिद्ध करावी लागते. ‘हा सुधारणार नाही’ हे नुसते म्हणून चालत नाही, त्याला पुरावा लागतो.

होते काय, की दुपारी दोषी ठरवले आणि त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी शिक्षा. बचावाचा वकील उठून सांगतो: आरोपी तरुण आहे, आईवडील म्हातारे आहेत, पहिलाच गुन्हा आहे. तीन वाक्ये. सरकारी वकील गुन्ह्याचे क्रौर्य पुन्हा सांगतो. निकालपत्रात सौम्य परिस्थितीला एक परिच्छेद मिळतो. असे निकालपत्र उच्च न्यायालयात गेले की पहिला प्रहार त्या परिच्छेदावर होतो.

मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यासाठी पद्धत घालून दिली. फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीची मानसिक तपासणी, कौटुंबिक पार्श्वभूमी, शिक्षण, उत्पन्न, आधीचे गुन्हे ही माहिती सरकारी पक्षाने सत्र न्यायालयापुढे ठेवायची. त्याबरोबर तुरुंगातली वागणूक, तिथे केलेले काम आणि शिक्षण यांचा तुरुंग अधिकाऱ्यांचा अहवाल आणि परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवालही मागवायचा. यात काही आठवडे जातात. पीडितेच्या घरच्यांना तो उशीर जिव्हारी लागतो. पण फाशी टिकायची असेल तर हेच अहवाल सत्र न्यायालयातच अभिलेखावर येणे आवश्यक आहे. नाहीतर काही वर्षांनी ते वरच्या कोर्टात मागवले जातात आणि सगळे पुन्हा उकरले जाते.

एका खुनात जन्मठेप, दुसऱ्यात सात वर्षे. जीव तर दोन्हीकडे गेला. हा भेदभाव नाही का? (चंद्रपूर)

कायदा मृत्यूबरोबर मनातला हेतूही पाहतो. कलम १०३ चा खून म्हटला की शिक्षा दोनच, फाशी किंवा जन्मठेप, सोबत दंड. खाली उतरायला न्यायाधीशाला मोकळीकच नाही. कलम १०५ चा सदोष मनुष्यवध असेल आणि हेतू होता असे ठरले तर किमान पाच ते कमाल दहा वर्षे किंवा जन्मठेप. हेतू नव्हता पण मृत्यू होऊ शकतो याची जाणीव होती, तर दहा वर्षांपर्यंत. निष्काळजीपणाने मृत्यू असेल तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत.

या पायऱ्यांपैकी कुठली, हे ठरते तपशिलांवरून. हत्यार घरून आणले की जागेवर सापडलेले लाकूड उचलले? वार किती आणि कुठे, मांडीवर की मानेवर? भांडण अचानक पेटले की आरोपी दबा धरून बसला होता? शवविच्छेदनात ‘ही जखम सर्वसाधारणपणे मृत्यू घडवण्यास पुरेशी’ असे स्पष्ट मत आहे का? बांधावरच्या भांडणात रागाच्या भरात एकच काठी बसली आणि माणूस तीन दिवसांनी दवाखान्यात दगावला, तर खटला बहुतेकदा १०५ कडे झुकतो.

म्हणून फिर्याद देताना ‘आरोपीने मारहाण केली’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या हाताने, कशाने, किती वेळा, आधी काय बोलला, हे आठवते तसे सांगा. आठवत नसेल ते सांगू नका. पुढे उलटतपासात जबाबातला एखादा वाढवलेला तपशील सगळ्या साक्षीला खाली ओढतो.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे ना? मग बाहेर येतोच तो. (नाशिक)

नाही. हा समज इतका पक्का आहे की वकीलसुद्धा कधीकधी बोलण्याच्या ओघात तसे म्हणतात. जन्मठेप म्हणजे नैसर्गिक मृत्यूपर्यंत कैद. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ मध्येच गोपाळ विनायक गोडसे यांच्या खटल्यात सांगितले: सूट कितीही साठली तरी सरकारने आदेश काढल्याशिवाय सुटकेचा हक्क निर्माण होत नाही.

चौदा हा आकडा येतो कलम ४७५ मधून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर सरकारला शिक्षेत सूट देऊन चौदा वर्षांच्या आत सोडता येत नाही. म्हणजे चौदा ही सुटकेची तारीख नसून अर्जाचा विचार सुरू होण्याआधीची किमान मुदत आहे. त्यानंतर राज्याच्या धोरणातली वर्गवारी लागते. महाराष्ट्राच्या धोरणात गुन्हा जितका क्रूर तितकी वर्षे वाढतात आणि स्त्रिया व बालकांविरुद्धच्या अतिक्रूर गुन्ह्यांत ती अठ्ठावीसच्या घरात जातात. वीस वर्षांचा आकडाही तुम्ही ऐकला असेल. तो फक्त शिक्षेचा अपूर्णांक काढायचा असेल तेव्हाच्या हिशेबासाठी आहे (कलम ६).

सुटकेचा अर्ज ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्याच्या पीठासीन न्यायाधीशाचे मत मागवून सरकार ठरवते. कोणते सरकार, हाही कळीचा मुद्दा. बिल्किस बानो खटला गुजरातेतून मुंबईत वर्ग झाला आणि २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात शिक्षा झाली. गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये अकरा जणांना सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, कारण खटला महाराष्ट्रात चालला असल्याने अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता.

शिवाय एक मधला मार्ग आहे: ‘सूट न देता तीस वर्षे’ किंवा ‘मरेपर्यंत’ अशी ठरावीक मुदतीची जन्मठेप. २००८ च्या श्रद्धानंद निकालात तो आला आणि २०१५ मध्ये घटनापीठाने कायम केला. कायद्यात ‘उर्वरित नैसर्गिक आयुष्य’ असा स्पष्ट शब्द नसलेल्या गुन्ह्यांत अशी शिक्षा फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालय देऊ शकते, सत्र न्यायालय नाही. सत्र न्यायालयाने साध्या खुनात असे लिहिले, तर तेवढा भाग अपिलात उडतो.

पॅरोल आणि फर्लो यांचीही गल्लत होते. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोल कारणापुरता असतो, आजारपण, मृत्यू, लग्न, आणि ते दिवस शिक्षेत धरले जात नाहीत.

‘फास्ट ट्रॅक’ म्हणतात आणि तरी पाच-सात वर्षे जातात. एका महिन्यात निकाल का लागत नाही? (पुणे आणि लातूर येथून दोन पत्रे)

जलदगती न्यायालयात कायदा आणि पुराव्याचे नियम तेच असतात. फरक इतकाच की त्या न्यायाधीशाकडे ठरावीक प्रकारचेच खटले असतात, त्यामुळे तारखा जवळजवळच्या मिळतात.

कागदावर मुदती कडक आहेत. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र, नाहीतर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. बलात्कार आणि बालकांवरील अत्याचाराचा तपास दोन महिन्यांत. युक्तिवाद संपल्यापासून ३० दिवसांत निकाल, कारणे नोंदवून ४५ पर्यंत. तहकुबी दोनपेक्षा जास्त नाही.

अडते कुठे? न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा डीएनए अहवाल आरोपपत्राबरोबर येत नाही, ‘मागाहून सादर करू’ असे लिहिलेले असते. पंच गाव सोडून गेलेला असतो. तपास अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि समन्स जुन्या पोलीस ठाण्यात फिरत राहते. आरोपीला आणायला पोलीस पथक नसते. मुद्देमालाच्या पाकिटावरचे सील आणि रजिस्टरमधली नोंद जुळत नाही, मग रासायनिक विश्लेषकाला पुन्हा बोलवावे लागते. खटला रखडतो तो बहुधा अशा गोष्टींनी, आणि यातली प्रत्येक गोष्ट पहिल्या दहा दिवसांत नीट करता येण्यासारखी असते. सात वर्षे व अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जाणे आणि त्याचे चित्रीकरण हे नव्या संहितेने टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले आहे. आमच्या मते शिक्षा वाढवणाऱ्या कोणत्याही दुरुस्तीपेक्षा हे कलम मोलाचे आहे.

महिन्यात निकाल लावून काय होते, ते मध्य प्रदेशातल्या खंडव्याच्या खटल्याने दाखवले. जानेवारी २०१३ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि खून. आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले आणि ४ मार्चला फाशी सुनावली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला, कारण वकिलाला कागद वाचायलाही वेळ नव्हता. अशा खटल्यांत किमान दहा वर्षे अनुभवाचा वकील आणि तयारीला साधारण सात दिवस, हा दंडक तेव्हा पडला. फेरखटल्यात पुन्हा फाशी झाली, तीही रद्द झाली, आणि मार्च २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षे त्याची गेली आणि त्या मुलीच्या आईवडिलांना उत्तर मिळालेच नाही.

उलट २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटला पाहा. कसाबला वकील देण्यावरून केवढे वादळ उठले होते. तरी न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी वकील दिला, शेकडो साक्षी झाल्या, ६ मे २०१० ला फाशी सुनावली. उच्च न्यायालय फेब्रुवारी २०११, सर्वोच्च न्यायालय ऑगस्ट २०१२, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलबजावणी. चार वर्षांत सगळ्या पायऱ्या झाल्या आणि वरच्या एकाही कोर्टाला प्रक्रियेत खोट काढून निकाल परत पाठवावा लागला नाही.

आमच्या तालुक्याच्या बार असोसिएशनने ‘आरोपीचे वकीलपत्र कुणीही घ्यायचे नाही’ असा ठराव केला. बरोबर आहे ना? (बीड)

भावना समजते, पण ठराव बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात असे सर्व ठराव शून्य ठरवले. शिवाय त्याचा फायदा आरोपीलाच होतो: नीट बचाव न झालेला खटला अपिलात परत पाठवला जातो आणि पीडितेला सात-आठ वर्षांनी पुन्हा पिंजऱ्यात उभे राहावे लागते.

आरोपीचा फोटो, सीसीटीव्हीची क्लिप आम्ही गावच्या ग्रुपवर टाकली. लोकांना सावध केले, यात गैर काय? (रायगड)

आरोपी अनोळखी असेल तर यात फार मोठे नुकसान आहे. तुरुंगात तहसीलदारासमोर ओळख परेड होते तेव्हा साक्षीदाराने त्याला घटनेच्या आठवणीवरून ओळखायचे असते. फोटो आधीच सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला असेल तर बचावाचा पहिला प्रश्न तोच: ‘परेडच्या आधी तुम्ही याचा फोटो पाहिला होता?’ साक्षीदार प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणाला की परेडला किंमत उरत नाही. क्लिप तपास अधिकाऱ्याकडे द्या, पंचनामा करून घ्यायला सांगा, मूळ रेकॉर्डर पुसू देऊ नका. बरेच रेकॉर्डर काही दिवसांनी जुने चित्रीकरण आपोआप पुसतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी करायचे.

आणि पीडितेचे नाव, घर, शाळा, आईवडिलांचा फोटो यातले काहीही टाकू नका. लैंगिक गुन्ह्यात ओळख उघड करणे हा कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, श्रद्धांजलीच्या फलकावर टाकले तरीही.

पोलिसांनी जागेवर न्याय केला तर लोक पेढे वाटतात. कोर्टाला जमत नाही ते पोलीस करतात, मग वाईट काय? (ठाणे)

हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातले चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मेले तेव्हा पोलिसांवर फुले उधळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये निष्कर्ष दिला की गोळ्या ठार मारण्याच्या हेतूने झाडल्या गेल्या आणि दहा पोलिसांवर खटला चालला पाहिजे.

यातून हातचे काय जाते ते बघा. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. तोच गुन्हेगार होता का, हे न्यायालयात तपासले जात नाही. दुसरा कुणी सामील असेल, कुणी पुरावा दडवला असेल, संस्थेने दुर्लक्ष केले असेल, तर त्यांच्याविरुद्धचा मोठा दुवा तुटतो. बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरील अत्याचाराच्या प्रकरणातला मुख्य आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्या चिमुकल्यांना न्यायालयाकडून ‘हे तुमच्याबाबतीत घडले आणि यानेच केले’ असा निकाल आता मिळू शकत नाही. ज्या पालकांनी फिर्याद नोंदवून घ्यावी म्हणून पोलीस ठाण्यात ताटकळत कित्येक तास काढले, त्यांच्या हातून हे गेले, याचे आम्हाला मनापासून दुःख आहे.

अशा मृत्यूंनंतर काय करायचे हे २०१४ च्या पीयूसीएल (ही नागरी हक्कांसाठीची संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य निकालात ठरलेले आहे: गुन्हा नोंद, सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्यामार्फत तपास, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, आणि पोलिसांचे वर्तन निःसंशय ठरेपर्यंत बढती किंवा शौर्यपदक नाही. तो निकाल मुंबईतल्या चकमकींवरून आलेल्या याचिकेतून निघाला.

कल्याणीनगरमध्ये दोन जीव गेले आणि निबंध लिहायला सांगितला. सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांसारखी शिक्षा का नाही? (पुणे)

मे २०२४ मधल्या त्या मोटार अपघातानंतरचा निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. तशी अट कुणालाही पटली नाही हे खरे, आणि काही दिवसांतच बाल न्याय मंडळाला आदेश बदलावा लागला.

मोठा अडसर कायद्यात आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात १६ ते १८ वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा तर गुन्हा ‘निर्घृण’ प्रकारात बसावा लागतो, म्हणजे त्याला *किमान* शिक्षा सात वर्षे किंवा अधिक असावी लागते. २०२० च्या शिल्पा मित्तल निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले: कमाल शिक्षा सात वर्षांहून कितीही जास्त असो, किमान सात वर्षे ठरलेली नसेल तर तो ‘गंभीर’ गुन्हा, ‘निर्घृण’ नाही. सदोष मनुष्यवधाला सात वर्षांची किमान शिक्षा नाही. मुलाला प्रौढ समजून खटला चालवण्याचा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. हे बदलायचे तर संसदेने कायदा बदलला पाहिजे. मंडळाच्या तीन सदस्यांना शिव्या देऊन ते बदलणार नाही.

माझ्या भावाच्या खुनात आरोपीला फक्त सदोष मनुष्यवध धरून सात वर्षे दिली. सरकारी वकील म्हणतात, आता काही होत नाही. आम्ही काय करू शकतो? (सातारा)

होते, आणि लवकर हालचाल करा. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी आजच अर्ज द्या. अपिलाची सगळी मुदत त्याभोवती फिरते.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ प्रमाणे पीडिताच्या कुटुंबाला स्वतः अपील करता येते, तीन बाबतींत: आरोपी सुटला, किंवा कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरला, किंवा भरपाई अपुरी दिली. तुमचे प्रकरण दुसऱ्यात बसते. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला, म्हणून उच्च न्यायालयात अपील तुमच्या नावाने होऊ शकते. सरकारने करावे म्हणून वाट बघायची गरज नाही. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करा.

इथे एक खाच आहे, जिथे अनेक कुटुंबे फसतात. आरोपी खुनातच दोषी धरला पण तुम्हाला जन्मठेपेऐवजी फाशी हवी, अशा ‘शिक्षा कमी झाली’ या एकट्या कारणावर कुटुंबाला अपील नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परविंदर कंसल प्रकरणात हे पक्के केले. तो अधिकार कलम ४१८ खाली सरकारचा. त्यासाठी जिल्हा सरकारी वकिलांना लेखी अर्ज द्या, प्रत विधी व न्याय विभागाला पाठवा, पोच घ्या, आणि त्यात ‘कठोर शिक्षा व्हावी’ एवढेच न लिहिता निकालपत्रातल्या कोणत्या परिच्छेदात कोणता पुरावा दुर्लक्षिला ते लिहा.

पुढच्या वेळेसाठी नव्हे, पण हे वाचणाऱ्या इतर कुटुंबांसाठी: खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो (कलम १८). तो स्वतः साक्षीदार तपासू शकत नाही, पण प्रश्न सुचवू शकतो आणि पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देऊ शकतो. जामिनाच्या सुनावणीतही तुम्हाला ऐकून घेतले पाहिजे, हे २०२२ च्या जगजित सिंग निकालाने सांगितले. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचे असते. साक्षीदाराला धमक्या येत असतील तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करा. धोक्याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. फितूर साक्षीदारांनी जितके खुनाचे खटले पडतात, त्यातले कित्येक या एका अर्जाने वाचले असते.

भरपाईचा अर्ज वेगळा करा (कलम ३९६). आरोपी सापडला नाही किंवा सुटला तरी तो करता येतो. अत्याचारग्रस्त स्त्रिया आणि मुलांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, दहा लाखांपर्यंत.

फाशी कायम झाल्यावरही दयेचा अर्ज कशाला? आणि तोही मग वर्षानुवर्षे पडून राहतो. (कोल्हापूर)

दुसऱ्या भागाबद्दलची तुमची चीड रास्त आहे. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारदरबारी जवळपास आठ वर्षे गेली, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ती जन्मठेपेत बदलावी लागली. पुण्याच्या २००७ मधल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या खटल्यात राष्ट्रपतींनी अर्ज फेटाळल्यावरही फाशीची तारीख ठरायला सुमारे दोन वर्षे लागली; २०१९ मध्ये शिक्षा ३५ वर्षे कैदेवर आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. न्यायालये सौम्य झाली म्हणून हे घडलेले नाही. फाइल टेबलावर पडून राहिली. नव्या संहितेच्या कलम ४७२ ने मुदती घातल्या आहेत: कैद्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, राज्यपालांनी फेटाळल्यावर ६० दिवसांत राष्ट्रपतींकडे.

पहिल्या भागाचे उत्तर नाशिकच्या खटल्यात आहे. २००३ मधला दरोडा, बलात्कार आणि पाच खून. भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००६ मध्ये फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेत बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. इथवर पुरावा तीन न्यायालयांच्या नजरेखालून गेला होता. फेरविचार अर्जावर उघड सुनावणी मिळाली तेव्हा दिसले की जखमी साक्षीदार स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चार जण ओळखले होते आणि त्यांच्याकडे कुणी फिरकलेही नाही. मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. सोळा वर्षे ते आत होते, आणि खरे गुन्हेगार तेवढीच वर्षे बाहेर.